चाळीसचा फ्यूज

"अण्णा, तुमचा पंखा गेला," पराग ट्रेलरच्या दारातून बाहेर येत म्हणाला. अंगावर बनियन, केस घामाने चिकटलेले. "फ्रीजपण गेलाय. आईंचं इन्सुलिन आहे ना आत? बघा काय ते."

अण्णा माडाखाली चूळ भरत होते. त्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला आणि ओल्या तोंडानेच ट्रेलरमध्ये शिरले. मी त्यांच्या मागे. दाराच्या वर त्यांनी हिरव्या आकड्यांचा एक छोटा व्होल्टमीटर बसवला होता. त्यावर १०.६ दिसत होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर असा आकडा दिसला की ती मेली म्हणायची. अण्णा त्या आकड्याकडे बघत राहिले. मग फ्रीज उघडून त्यांनी इन्सुलिनची दोन्ही पेनं काढली, गालाला लावून बघितली आणि माझ्या हातात दिली.

"वाडीमालकांच्या फ्रीजमधी ठेव जा. गार हाईत अजून."

मे महिना होता. गडहिंग्लजहून आंबोलीचा घाट उतरून आदल्या दुपारी आम्ही वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका वाडीत आलो होतो. अण्णा, आई, मी आणि माझा नवरा पराग. पुढे परागची आठ महिन्यांची नवी गाडी आणि मागे अण्णांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला ट्रेलर. दोन बाकडी झोपायला, एक पंखा, दोन दिवे, एक छोटा फ्रीज. अण्णा त्याला 'डबा' म्हणायचे. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं ते इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी वायरिंग केलेली बस रस्त्यात उभी राहिली असं एकदाही झालं नाही, हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, पण गावातल्या कुणालाही विचारलं तरी सांगायचा. रिटायर झाल्यावर दीड वर्ष खपून त्यांनी हा डबा केला, कारण आईला समुद्र बघायचा होता आणि इन्सुलिन, पथ्य, बाहेरचं बाथरूम या भानगडींमुळे तिचं जाणं दर वर्षी पुढे पडत होतं.

डब्याची बॅटरी वाटेत आपोआप भरायची, अशी सोय होती. गाडीच्या बॅटरीपासून एक जाड वायर निघून गाडीच्या पोटाखालून मागच्या हुकापर्यंत यायची, तिथे प्लग, आणि तिथून डब्याच्या बॅटरीला. मध्ये एक रिले. इंजिन चालू असेल तोवर तो जोडलेला राहतो, बंद झालं की सोडतो. म्हणजे रात्रभर डब्यात पंखा चालला तरी गाडीच्या बॅटरीचा थेंब कमी होत नाही. आणि वायरीच्या सुरुवातीलाच, बॉनेटखाली, चाळीसचा फ्यूज. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी गाडी चालू करून मला मीटर दाखवला होता. १४.१. "भरायली बघ," ते म्हणाले होते. पूर्ण भरून ठेवली नव्हती त्यांनी मुद्दाम. पाच तासांची वाट आहे, पोचेपर्यंत काठोकाठ भरेल, हे त्यांना जावयाला दाखवायचं होतं.

आणि आता १०.६.

"पाव्हणं," अण्णा बाहेर येऊन म्हणाले. आमच्याकडे जावयाला असंच म्हणतात. "तासभर इंजिन चालू ठिवलं तर भरंल."

"ठेवतो की," पराग म्हणाला.

तो गाडीत बसला, काचा वर केल्या, एसी लावला आणि मोबाइल काढला. अण्णा डब्यात मीटरसमोर उभे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आकडा १०.६ वरून हलेना. अण्णांच्या कपाळावरून घाम नाकावर यायचा, तो ते मनगटाने पुसायचे आणि परत मीटरकडे बघायचे. गाडीच्या काचेतून पराग अधूनमधून आमच्याकडे बघत होता. ते बघणं मला आज लख्ख आठवतं. त्या वेळी मला वाटलं, काळजी करतोय.

वीस-पंचवीस मिनिटांनी अण्णा म्हणाले, "बॉनेट जरा उघडता का?"

पराग इंजिन बंद करून खाली उतरला. त्याने बॉनेट उघडलं आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. अण्णा वाकले. मी डब्याच्या पायरीवरून ओरडून विचारलं, "फ्यूज बघितलात?"

मला त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट तीच होती. आठवीत असताना इस्त्री बंद पडली म्हणून मी सगळी खोलून ठेवली होती, तेव्हा ते हसले होते. काहीही बंद पडू दे, फ्यूज सगळ्यात आधी बघायचा, बाकी अक्कल नंतर चालवायची.

"बघितला की," बॉनेटखालून आवाज आला. "सगळ्यात आधी."

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले, एकदा परागकडे बघितलं आणि बॉनेट दोन्ही हातांनी हळू दाबून बंद केलं.

"माझीच वायर बारीक पडली," ते म्हणाले. "लांबच्या वायरीत व्होल्टेज पडतं. हिशेबात चुकलो."

"म्हणजे चूक तुमची," पराग म्हणाला.

"माझीच."

"बरं झालं कळलं. मी आधीच म्हणत होतो, हे घरगुती प्रयोग असल्या ठिकाणी नकोत. पंखा गेला तर गेला हो, एक रात्र घामात काढू. पण इन्सुलिन? हा आईंच्या जिवाशी खेळ झाला, अण्णा."

आई लगबगीने पुढे आली. "असू दे हो, काय न्हाई झालं. मालकांच्या फ्रीजमधी ठिवलंय सरूनं."

अण्णा मान खाली घालून उभे होते. साठ वर्षांचा माणूस, ज्याच्यापुढे डेपो मॅनेजर खुर्ची ओढायचा. मला संताप आला. पण तो कुणावर काढायचा हे कळेना, कारण चूक तर त्यांनी स्वतःच कबूल केली होती.

आणि ती वायर बारीक नव्हती.

हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती टाकताना दुसरं टोक मी धरलं होतं. मी आठवडाभर आधीच माहेरी आले होते. गाडी घेऊन पराग आला त्या दिवशी दुपारभर अण्णा गाडीखाली उताणे पडून वायर सरकवत होते आणि मी हुकाशी उकिडवी बसून ओढत होते. सोळा एमएमची, तांब्याची, माझ्या करंगळीएवढी जाड. परागनेच ती बघून विचारलं होतं, "अण्णा, ट्रेलर ओढायचाय की रेल्वे?"

दुपारी आई आडवी झाल्यावर मी अण्णांना विहिरीपाशी गाठलं.

"अण्णा, वायर सोळाची आहे."

"असंल."

"असेल काय? आहे. सोळाच्या वायरीत एवढं व्होल्टेज पडत नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

त्यांनी पायाखालचं एक सुकलेलं पान उचललं आणि त्याचे तुकडे करत बसले. "सरू, जाऊ दे. पाव्हण्यांच्या म्होरं वाद नको. अधिक म्हयना हाय."

अधिक महिना. आमच्यात तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे प्रत्यक्ष विष्णू. निघायच्या दिवशी सकाळी आईने चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर निरांजन आणि नवं धोतर असं वाण परागच्या हातात दिलं होतं. अण्णा त्याच्या पाया पडले होते. रीत आहे ती. मला लग्नाच्या तिसऱ्या वर्षीही ते बघवलं नव्हतं आणि आताही बघवलं नाही, म्हणून मी अंगणात जाऊन उभी राहिले होते. वाण तयार होईपर्यंत पराग अंगणातच होता. त्याच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. "काय करतोस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "वायपरचं पाणी बघतोय." मग आईने आत बोलावलं आणि तो हात धुऊन ताट घ्यायला गेला.

त्या गोष्टीचा मी पुढचे दीड दिवस विचारही केला नाही. आपण नवऱ्यावर पाळत ठेवत नसतो.

चारच्या सुमाराला वाडीचे मालक, भाऊ आरोलकर, घरापुढच्या खळ्यात आम्हाला कोकम सरबत घेऊन आले. सत्तरीचा शांत माणूस. सरबताचे पेले देऊन झाल्यावर ते अण्णांजवळ बसले.

"अण्णानू, तुमी एसटीत वायरमन होतास ना? आमचो पंप सकाळपासून सुरू जायना. जरा बघशात?"

अण्णांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाला. "बघतो की," म्हणत ते उठले. त्यांचा हात सवयीने पिशवीकडे गेला. त्या पिशवीत टेस्टर, पक्कड आणि सुपारीचा एक जुना डबा असायचा, त्यात फ्यूज.

"भाऊ, नका हं त्यांना हात लावू देऊ," पराग हसत म्हणाला. "सकाळी आमचं काय झालं बघितलंत ना? आहे तो पंपही जायचा."

भाऊ गोंधळून हसले. आई पेल्यात बघू लागली. आणि अण्णा, उठलेले अण्णा, परत खाली बसले. पिशवी त्यांनी खुर्चीखाली सरकवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "वय झालं. आता वायरीला हात लावायचा न्हाई. घरी गेलो की डबा पण दिऊन टाकतो कुणाला तरी."

ते हे सहज बोलल्यासारखं बोलले. पण मी त्यांना ओळखत होते. ते एकदा म्हणाले की संपलं. सिगरेट त्यांनी अशीच, चहा पिता पिता, एका वाक्यात सोडली होती. उद्यापासून हा माणूस गावात कुणाचा दिवासुद्धा लावून देणार नाही, हे मला समोर दिसायला लागलं.

मी उठले. रडायला येत होतं आणि ते तिथे यायला नको होतं. गाडीत जाऊन बसले. नाक पुसायला कागद असतील म्हणून समोरचा खण उघडला. वर गाडीची कागदपत्रं, खाली टिश्यूचं पाकीट आणि पाकिटामागे एका टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी टणक. उघडलं तर नारिंगी रंगाचा फ्यूज. वर ४० लिहिलेलं. उजेडात धरून बघितला, आतली पट्टी धड होती. तो जळलेला नव्हता, कुणीतरी काढला होता.

मग वायपरचं पाणी आठवलं.

एसी लावून, मोबाइल हातात घेऊन तो पंचवीस मिनिटं बसला होता. फ्यूज त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होता. आणि मागे एक माणूस घाम पुसत, आकडा हलेल म्हणून मीटरसमोर उभा होता. हे सगळं काचेतून बघत होता तो.

मी फ्यूज मुठीत धरून उतरणार होते. दाराला हात लावला आणि तशीच थांबले. कारण दुसरी गोष्ट आत्ता डोक्यात शिरली. अण्णांनी फ्यूज सगळ्यात आधी बघितला होता. तसं ते म्हणालेच होते. बघितला म्हणाले होते, आहे म्हणाले नव्हते.

म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी परागपेक्षा जास्त राग मला अण्णांचा आला. त्याने खोटेपणा केला तो स्वतःला वाचवायला. यांनी स्वतःची एकतीस वर्षं कचऱ्यासारखी उचलून त्याच्या पायाशी टाकली, आणि कशासाठी? गेल्या दिवाळीत परागने गाडी सोसायटीच्या गेटला घासली होती. तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं, मीच मध्ये बोलले, माझंच चुकलं. पाहुण्यांसमोर त्याने पाण्याचा जग पाडला, मी म्हणाले, मीच काठावर ठेवला होता, माझंच चुकलं. सहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. ते मी कुठे शिकले, हे मला त्या गाडीत बसून कळलं.

खळ्यात येऊन मी फ्यूज सरबताच्या ट्रेमध्ये ठेवला, परागच्या पेल्याशेजारी.

"हा तुझ्या खणात होता."

त्याने फ्यूज बोटाने जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "अगं, शोरूमवाला म्हणाला होता, बाहेरचं वायरिंग जोडलं तर वॉरंटी जाते. मी सांगणारच होतो."

"कधी?"

"घरी गेल्यावर. इथे सांगून अण्णांना उगाच वाईट वाटलं असतं."

"आणि सकाळपासून त्यांना बरं वाटत होतं?"

"सरू," आई म्हणाली. "भाऊ बसलेत."

"बसू देत. पंपाचं त्यांच्यासमोरच बोलला ना हा? पराग, आईचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये होतं हे तुला माहीत होतं. जिवाशी खेळ कुणी केला?"

पराग लाल झाला. पण तो हुशार माणूस आहे. त्याने पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मी कुठे म्हणालो वायर बारीक आहे? तुझ्या वडिलांनीच सांगितलं. चूक त्यांनीच कबूल केली. विचार त्यांना."

आता सगळे अण्णांकडे बघायला लागले. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं हे आताही सांभाळून घेतील. आताही म्हणतील, वायरही बारीकच होती.

"अण्णा," मी म्हणाले, "वायर किती एमएमची आहे?"

त्यांनी तळहात गुडघ्यांवर पुसले.

"मी दुसरं टोक धरलं होतं, अण्णा. मला खोटं सांगू नका."

"सोळाची," ते म्हणाले.

"आणि फ्यूज?"

"न्हवता."

"तुमच्या सुपारीच्या डब्यात दुसरा होता?"

"तीन हुतं."

"मग का नाही घातलात?"

त्यांनी मान वर केली. "त्यांची गाडी. त्यांनी काढलेला. मी कसा घालणार?" आणि मग, अगदी हळू, "तू परत जाणार त्यांच्याच गाडीतनं."

मी ट्रेमधला फ्यूज उचलला, परागसमोरची किल्ली घेतली आणि गाडीपाशी गेले. पराग मागून म्हणाला, "वॉरंटीचं काय झालं तर बघ हं, सरोज." मी बॉनेट उघडलं, फ्यूज त्याच्या जागी अंगठ्याने दाबून बसवला, इंजिन चालू केलं आणि डब्यात जाऊन मीटर बघितला. आकडे एकदा लुकलुकले आणि १३.४ वर गेले. थोड्या वेळाने १३.९. मग १४.१. मी तिथूनच मोठ्याने वाचून दाखवला, भाऊंनाही ऐकू जाईल असा.

पुढे वकीलबाईंनीही मला विचारलं, "एवढ्यावरून?" सासूबाई तर सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या की एका फ्यूजवरून पोरीने संसार मोडला. मी कुणालाच समजावत बसले नाही. अर्जात वेगळी कारणं लिहावी लागतात, ती लिहिली. या वर्षी अधिक पुन्हा त्या वर्षीसारखा जेठातच आलाय, आठ वर्षांनी, म्हणून हे सगळं परत वर आलं.

पण मला तो दिवस आठवतो तो या भांडणासाठी नाही.

मी डब्यातून बाहेर आले तेव्हा पराग समुद्राच्या दिशेने निघून गेला होता. आई आणि भाऊ खळ्यातच होते. अण्णांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याखालची पिशवीही नव्हती. ते विहिरीपाशी पंपाच्या पेटीसमोर बसले होते, झाकण उघडून.

"हिकडं ये," ते म्हणाले. "झाकण धर."

मी झाकण धरलं. ऊन माडांच्या खाली उतरलं होतं. स्टार्टरमध्ये जिथे दोन पत्र्या एकमेकींना चिकटतात, तिथे बारीक लाल मुंग्या चिरडून त्यांचा काळा थर झाला होता. करंट जाईल कुठून? अण्णांनी पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि एकेक पत्री घासायला लागले, दर दोन घासांनी फुंकर मारत. माझा राग उतरला नव्हता. मला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी मान खाली घातली, आणि त्यानेच मी दुखावले होते, हे त्यांना कसं सांगावं ते मला येत नव्हतं.

"सरू," ते पत्रीवरून नजर न काढता म्हणाले, "तिकडं बरी हायस न्हवं तू?"

सहा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. फोनवर विचारायचे ते पाव्हणं कसे आहेत, पाव्हण्यांचं ऑफिस कसं चाललंय, पाव्हण्यांना आंबे पोचले का.

"नाही, अण्णा," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. पॉलिश पेपर तसाच दोन बोटांत धरून ते पेटीकडे बघत राहिले. मग त्यांनी पत्री परत एकदा घासली, ती आधीच चकचकीत झाली होती तरी, आणि फुंकर मारली.

"ह्ये सगळ्यात आधी बघायला पाहिजे हुतं," ते म्हणाले.

मी झाकण बसवलं, त्यांनी स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. खळ्यातून भाऊंनी हाक मारून सांगितलं की टाकीत पाणी पडायला लागलंय.